रोज अर्धा बोकड

कालयंत्राने शिवकाळातल्या पाचाडला, रायगडाच्या पायथ्याला, जायचं असेल तर तारीख जपून टाका. ‘६ जून १६७४’ एवढंच लिहून बटण दाबलंत की शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या दहा दिवस आधी पोचता. शिवकाळातल्या ज्या तारखा आपण शाळेत पाठ केल्या त्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरच्या आहेत. पोप ग्रेगरींनी १५८२ मध्ये कॅलेंडर सुधारलं, पण इंग्रजांनी ते १७५२ पर्यंत काही मनावर घेतलं नाही, आणि आपले इतिहासकारही सतराव्या शतकासाठी जुनीच रीत पाळत आले. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ म्हणजे आजच्या हिशेबाने १६ जून. तुमचं यंत्र आजच्या हिशेबाचं. म्हणून तुम्ही उतरलात तेव्हा इंग्रजांच्या वहीत २७ मे आहे आणि संध्याकाळच्या आभाळात चंद्राची जेमतेम कोर.

असू द्या. दहा दिवस हाताशी आहेत आणि काम भरपूर आहे.

कडा तोच आहे. मान वर करून बघताना डोक्यावरची टोपी पडावी असा. खाली पाचाडच्या सपाटीवर मात्र काही ओळखीचं नाही. आज जिथे एस.टी. वळते तिथे घोडी बांधली आहेत, त्यांच्या पायांशी लिदीचा आणि ओल्या गवताचा वास. आज जोती आणि पडका तट एवढाच उरलेला वाडा छपरासकट उभा आहे, आणि त्याच्या दारावरचे पहारेकरी तुमच्याकडे फार वेळ बघत नाहीत, कारण गेले काही आठवडे इथे रोज अनोळखी माणसं येताहेत. ब्राह्मण, सराफ, सुतार, हुजरे, आश्रित, नुसतेच बघे. सगळे गडाकडे चाललेले किंवा गडावरून उतरलेले. तुमच्या पायातले बूट लपवा. बाकी गर्दीत खपून जाल.

तुम्हाला इथे धाडलं आहे ते सेमिनारने. संगणकशास्त्राची, मानसशास्त्राची आणि जीवशास्त्राची मुलं एका टेबलाभोवती बसतात, तसा सेमिनार. विषय : संगणकाच्या साधनांनी वर्तन कसं मोजायचं. समजा तुमचं विद्यापीठ लोणेऱ्याचं आहे, म्हणजे पाचाडपासून गाडीने फार लांब नाही. पहिल्या तासाला तुम्ही शिकलात की उंदराच्या पंजाची हालचाल, माशांच्या थव्याची वळणं, रस्ता ओलांडणाऱ्या माणसाची घाई हे सगळं आता व्हिडिओतून आपोआप मोजता येतं. दुसऱ्या तासाला कुणीतरी विचारलं, “पण सर, मोजायचं काय?” त्या प्रश्नाची शिक्षा म्हणून तुम्ही इथे आहात, हातात एक फोन, एक वही आणि एक पेन्सिल घेऊन. नेटवर्क नाही, उपग्रह नाहीत. फोनवरचं घड्याळ भलतीच वेळ दाखवतंय. कॅमेरा तेवढा चालतो, बॅटरी आहे तोवर.

सुरुवात पुस्तकाप्रमाणे करा. जीन ऑल्टमन यांचा निरीक्षणाच्या पद्धतींवरचा निबंध १९७४ मध्ये आला. तुम्ही उभे आहात त्यानंतर बरोबर तीनशे वर्षांनी. त्यांनी केनियात अंबोसेलीच्या माकडांवर, म्हणजे बबूनांवर काम केलं होतं, आणि त्यांचं म्हणणं साधं होतं : नजर जिकडे ओढली जाईल ते लिहीत सुटलात तर तुमच्या वहीत भांडणं आणि समागम भरून जातील, आणि दिवसाचा मोठा भाग जे खाणं, खाजवणं आणि नुसतं बसणं चालतं ते गळून पडेल. म्हणून नियम लावा. ठरावीक वेळाने सगळ्यांवरून नजर फिरवा आणि त्या क्षणी जो जे करतोय ते लिहा. हे स्कॅन सँपलिंग. किंवा एकच जीव निवडा, तो लक्षवेधी काही करो वा न करो, ठरलेला वेळ त्याचा पिच्छा सोडू नका. हे फोकल सँपलिंग. आज वर्तन मोजणारं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, आत हाच सांगाडा सापडतो.

तर दहा मिनिटांनी एकदा, पाचाडच्या सपाटीवर नजर. घोड्याला खरारा करणारा एक. झोपलेले चार. ओझं उतरवून मान चोळणारी एक बाई. दोन माणसं बोलताहेत, त्यांतला एकच बोलतोय. पुन्हा दहा मिनिटं. झोपलेल्यांतला एक उठला. तिसऱ्या खेपेला मात्र वही निकामी व्हायला लागते, कारण सगळे तुमच्याकडे बघताहेत.

इथे वही आणि पेन्सिल घेऊन माणसांकडे बघणारा माणूस एकाच कामासाठी येतो, सारा लावायला. मलिक अंबराच्या धाऱ्याचं, म्हणजे त्याच्या सारापद्धतीचं, नाव या मुलखाने ऐकलेलं आहे, आणि महाराजांचे कारभारी अण्णाजी दत्तो यांची पाच हात पाच मुठींची काठी ज्याच्या त्याच्या शेतात फिरेलच. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद म्हणजे बिघा; एकशे वीस बिघ्यांचा चावर; आणि मग त्यावर सारा. मोजलं की द्यावं लागतं, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. ज्या बाईने ओझं उतरवलं होतं तिने ते परत डोक्यावर घेतलं आणि गेली. तुमच्या तक्त्यात त्याची नोंद ‘ओझं वाहणे’ अशी होईल. ती खरं तर तुमच्यापासून पळाली.

या अडचणीवर आपल्याकडे झालेलं सगळ्यात देखणं काम माणसांवरचं नाही, वेड्या राघूवरचं आहे. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात मिलिंद वाटवे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते केलं, २००२ साली ते प्रसिद्ध झालं. हा हिरवा, चिमणीएवढा पक्षी मातीत बीळ करून अंडी घालतो. घरट्याचं तोंड दिसेल अशा जागी माणूस उभा असला की राघू आत जायचं टाळतो, तारेवर बसून वाट बघतो. माणूस तेवढ्याच अंतरावर, पण आडोशामुळे घरटं दिसणार नाही अशा जागी उभा असला की राघू पुष्कळ जास्त वेळा आत जातो. म्हणजे माणूस किती जवळ आहे एवढंच तो बघत नाही. त्या माणसाला कुठून काय दिसत असेल याचाही त्याला अंदाज असतो. यासाठी महागडं काहीच लागलं नाही. उभं राहायची जागा बदलली आणि मोजलं. मला विचाराल तर वर्तन मोजण्याच्या कुठल्याही अभ्यासक्रमात हा निबंध पहिल्या आठवड्यात वाचायला द्यावा, आणि सॉफ्टवेअर त्यानंतर.

राघूला जे कळतं ते पाचाडच्या माणसाला कळणार नाही असं धरून चालणं हा उद्धटपणा झाला. वही कमरेला खोचा. आणि वाड्याच्या दिशेला फोन धरू नका. आत जिजाऊ आहेत, थकलेल्या. गडावरची थंड हवा मानवत नाही म्हणून त्यांची सोय इथे खाली केलेली आहे. राज्याभिषेकानंतर अकरा दिवसांनी, १७ जूनला, त्या जातील हे या सपाटीवर फक्त तुम्हाला माहीत आहे. ते कुणाजवळ बोलू नका.

गावाच्या कडेला विहीर आहे, तिच्या काठावर टेकून बसायला दगडी तक्क्या. तक्क्याची विहीर. महाराज इथे बसून पाण्याला येणाऱ्या बायकांशी बोलत, त्यांची विचारपूस करत, असं पाचाडात आजही सांगतात. विहिरीवर बायका रोज येणार, ठरल्या वेळी येणार, आणि घरातलं बोलणार. सुभेदाराच्या कागदात जे येत नाही ते इथे ऐकू येतं. सेमिनारच्या भाषेत नमुना निवडायला इतकी चांगली जागा मिळणं कठीण, फक्त पुरुष त्यात येत नाहीत एवढंच. तुम्ही तिथे बसू नका. तुम्ही राजे नव्हे. थोडं लांब बसा.

आता फोकल. कुणाला निवडाल?

मी असतो तर म्हाताऱ्या खाटकाला निवडलं असतं, आणि कारण सांगतो. आदल्याच आठवड्यात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून आला आहे. महाराज तेव्हा प्रतापगडी भवानीच्या दर्शनाला गेलेले, म्हणून ही मंडळी काही दिवस इथेच पायथ्याला पाचाडात होती. २२ तारखेला त्यांना वर बोलावलं. गडावर राहायला घर मिळालं, पण जेवणात मिळायची खिचडी. डाळ-तांदूळ एकत्र शिजवून वर तूप. दोन दिवस कौतुक झालं, मग साहेबांच्या जिभेने बंड केलं. मांस हवं असा निरोप गेला. तेव्हा इथल्या मोजक्या मुसलमान घरांना मांस पुरवणारा जो एक म्हातारा खाटीक होता त्याला हुकूम झाला : या पाहुण्यांना बोकडाचं मांस देत जा. रोज अर्धा बोकड जाऊ लागला.

त्याच्यामागे दिवसभर फिरा. त्याचं दुकान म्हणजे झाडाची फांदी, एक हूक आणि खाली लाकडाचा ओंडका. फांदीवरचा अर्धा बोकड सकाळीच गडावर जातो, पोराच्या डोक्यावरून, पळसाच्या पानांत बांधून. उरलेला अर्धा दुपारपर्यंत लटकतो. म्हातारा माश्या वारतो. कुणीतरी येतं, काळीज मागतं, घासाघीस करतं, घेत नाही. म्हातारा सुरी दगडावर घासतो, जरुरीपेक्षा जास्त वेळ. दुपारी तो झोपत नाही. बोटांवर काहीतरी मोजत बसतो. तुमच्या वहीत ‘निष्क्रिय’ असा एक रकाना आहे, त्यात ही पाऊण घटका टाकाल तर फसाल. ती या दिवसातली सगळ्यात कामाची पाऊण घटका आहे. तो हिशेब करतोय.

हिशेब असा : साहेब लोक इथे तीन आठवडे राहिले तरी दहा-अकरा बोकड होतात. आणि एवढं मांस त्याने मागल्या काही वर्षांत मिळून विकलेलं नाही.

हा आकडा मी रचलेला नाही. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर तेव्हा कंपनीच्या चाकरीत होता. १६९८ मध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथात या वकिलातीची हकीगत आहे, आणि त्यात हा खाटीक आहे. रोजचा अर्धा बोकडही तिथलाच. गडावर आणि गडाखाली त्या उन्हाळ्यात राजकारण, धर्मशास्त्र आणि सोनंनाणं यांची एवढी उलाढाल चालली होती, आणि एका परक्या टोळीच्या खाण्याचा असा नेटका आकडा आपल्याला मिळतो तो या म्हाताऱ्यामुळे. त्यातून उलटही वाचता येतं. दहा-अकरा बोकड जिथे काही वर्षांत खपत नाहीत, त्या गावाच्या ताटात काय असेल ते सांगायला वेगळा सर्व्हे लागत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. एका सकाळी फांदीवर हूक रिकामा दिसेल. पोराऐवजी म्हातारा स्वतः निघालाय. गडाची वाट तेव्हाही सोपी नव्हती. तुम्ही मागोमाग चला, पण दम लागला तर थांबायचं नाही, फोकलचा नियम आहे. तो मात्र थांबतो. खुबलढा बुरुजाच्या अंगाला एकदा, पुढे कातळाच्या सावलीला एकदा. गुडघ्यावर हात ठेवून श्वास घेतो आणि मग तुमच्याकडे वळतो.

“तुम्ही कशाला माझ्यामागं?” तो विचारतो.

काय सांगणार? “तुम्ही कुठं निघालात, बाबा?”

“वर. एवढं मांस खातात तरी कोण, ते बघाया.”

पुढे काही बोलत नाही. महादरवाजात पहारेकरी हसतात, सोडतात. वर साहेबांच्या घराशी जाऊन तो उभा राहतो आणि नोकर आत सांगतो, खाली ज्याच्याकडून मांस येतं तो वृद्ध गृहस्थ आपल्या धन्यांचं तोंड बघायला एवढी चढण चढून आलाय. साहेब बाहेर येतात. एकमेकांकडे बघतात. बस्स, एवढंच.

इथे तुमच्या सेमिनारमधल्या निम्म्या शोधनिबंधांपेक्षा चांगली पद्धत घडली. म्हाताऱ्याजवळ आकडा होता. त्याला तो पटण्याजोगा वाटला नाही, म्हणजे आकड्यात चूक नव्हती, पण नेहमीच्या वागण्यात तो बसत नव्हता. मग तो आकड्यामागची माणसं बघायला स्वतः चढून गेला, गुडघे दुखत असताना. आपण सहसा उलट करतो. आकडा विचित्र आला की आउटलायर म्हणून पुसतो, किंवा तसाच ठेवून आलेख काढतो. आणि आणखी एक. ज्यांनी वही आणली होती ते इंग्रज त्या सकाळी बघण्याची वस्तू झाले, आणि त्याची नोंद त्यांच्याच लोकांनी प्रामाणिकपणे करून ठेवली. याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

बाकी ऑक्झिंडेन निरीक्षक म्हणून सरळसरळ ऑल्टमनबाईंच्या पहिल्या वर्गातला, नजर ओढली जाईल ते लिहिणारा. दरबाराच्या दारात दोन लहान हत्ती आणि दोन पांढरे घोडे बघून त्याची मती गुंग झाली. या वाटेने हे जनावर वर आणलं कसं, हे त्याला सुचेना. ज्या वाटेने म्हातारा खाटीक दोनदा थांबत आला ती वाट त्याने स्वतः चढलेली होती, तेव्हा त्याचं नवल खोटं नाही. पिल्लं असताना आणले असतील, असं पुढे लोक म्हणत आले. निरीक्षकाला एका क्षणाचं चित्र दिसतं. ते तसं कसं झालं हे मागे दडलेलं असतं, आणि दोन-चार वर्षांची वाढ व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये मावत नाही.

२९ मेला तुलादान, म्हणजे राजाच्या वजनाइतक्या सोन्याचं दान. ऑक्झिंडेन लिहितो, राजाचं वजन सुमारे १६,००० होन भरलं. सेमिनारला हे फार आवडतं, कारण लगेच गुणाकार करता येतो. दक्षिणेत चालणारा सोन्याचा होन साधारण ३.४ ग्रॅमचा धरा, ५४ किलो येतात. होन अर्ध्या ग्रॅमने हलका धरा, एका झटक्यात आठ किलो कमी. आकडा तोच, वजन वेगळं, आणि महाराज जागचे हलले नाहीत. शिवाय ‘सुमारे’ या शब्दात किती शेकडे होन मावतात ते वेगळंच. या गुणाकारावर महाराजांच्या देहयष्टीबद्दल छातीठोक बोलणारी माणसं भेटतात. त्यांना एवढंच विचारावं की तुमचा होन कुठला.

६ जूनची सकाळ. सात-आठचा सुमार. तुम्ही ऑक्झिंडेनच्या मागे, नारायण शेणवी दुभाष्याच्या खांद्यावरून बघताय. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी मुलाम्याच्या भाल्यांवर चिन्हं : उजवीकडे मोठ्या दातांच्या दोन माशांची सोन्याची डोकी, डावीकडे घोड्यांची शेपटं आणि एका मौल्यवान भाल्याच्या टोकाला सोन्याचा समतोल तराजू. त्याखाली ऑक्झिंडेनने एक गोष्ट मात्र नमुनेदार टिपली आहे, अगदी स्कॅन सँपलिंगसारखी : कोण बसलंय आणि कोण उभं आहे. संभाजीराजे, मोरोपंत पेशवे आणि एक थोर ब्राह्मण सिंहासनाखालच्या पायरीवर बसलेले. बाकी सगळे, लष्करातले सरदारसुद्धा, अदबीने उभे. दरबाराची अख्खी उतरंड एका नजरेत, कुणाच्या मनात काय होतं याचा अंदाज न बांधता.

आता फोन काढा, कुणाचं लक्ष नाही. एक सरदार पुढे येतोय. तो मुजरा करतो. तीन वेळा वाकतो, उजवा हात खाली जमिनीकडे जातो, वर कपाळाकडे येतो. हे तुम्ही परत जाऊन डीपलॅबकट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकाल. २०१८ मध्ये आलेलं हे साधन भारी आहे. दोनेकशे फ्रेमवर मनगट, कोपर, खांदा, कंबर अशा जागी हाताने ठिपके दिलेत की बाकीच्या हजारो फ्रेममध्ये संगणक ते सांधे स्वतः शोधतो. मग प्रत्येक सांध्याचा मार्ग, वेग, कोन. मग त्यातून सारख्या हालचालींचे गट. आणि त्यात गोची आहे. दरबाराच्या दुसऱ्या टोकाला एका हुजऱ्याच्या हातून विड्याचं पान पडलं. तोही वाकला, उजवा हात जमिनीकडे गेला, वर आला. तीन पानं पडली असती तर तीनदा. सांध्यांच्या आकड्यांत सरदार आणि हुजऱ्या एकाच गटात पडतील.

त्यांना वेगळं करायला तुम्हाला मुजऱ्याचं मनगट नाही, मुजऱ्याची दिशा लागते. तो कोणाकडे तोंड करून वाकला? समोरच्याने मान हलवली का? तो मागे सरताना पाठ दाखवून गेला की तोंड सिंहासनाकडे ठेवून पावलं मागे टाकत गेला? हे सगळंही मोजता येतं. पण मोजायचं हे आधी कुणालातरी सुचावं लागतं, आणि ते त्याला सुचतं ज्याने घरात कधीतरी मोठ्यांपुढे मान लववलेली असते. ठिपके देणारा विद्यार्थी महाडचा असेल आणि दुसरा टोरंटोचा, तर त्यांच्या ठिपक्यांत फरक पडणार नाही. लेबलांत पडेल. म्हणून दोघांची लेबलं ताडून बघतात आणि सहमतीचा आकडा काढतात. जेकब कोहेनचा कप्पा, १९६० पासून चालू.

त्याच सोहळ्याचा दुसरा निरीक्षक घ्या. कृष्णाजी अनंत सभासदाने दोन दशकांनंतर जिंजीला बसून बखर लिहिली. त्याच्या लेखी बत्तीस मणांचं सुवर्णसिंहासन आहे, पन्नास हजार ब्राह्मण आहेत, एक कोटी बेचाळीस लाख होनांचा खर्च आहे. खाटीक नाही, खिचडी नाही. ऑक्झिंडेनकडे तराजू आणि मासे आहेत. बत्तीस मण नाहीत. दोघांचा कप्पा काढाल तर शून्याच्या आसपास येईल. म्हणून दोघांतला एक खोटा ठरत नाही. एक नोकरीतला वकील तहाची बोलणी करायला आला होता, दुसरा आपल्या राजाच्या मुलाला बापाची थोरवी सांगत होता. प्रत्येकाने आपल्याला लागणारंच मोजलं.

बॅटरी संपत आली. परत फिरा.

पाचाडला उतरलात तर पुन्हा ६ जूनच आहे, आपल्या काळातल्या राज्याभिषेक दिनाची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या, भगव्या पताका, ढोल, पाण्याच्या बाटल्यांचा खच. इथे मोजण्याची गरज कुणाला पटवून द्यावी लागत नाही. २००३ च्या नाशिक कुंभात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. पुढच्या, २०१५ च्या कुंभात तिथे अशियोटो नावाची चटई वापरून पाहिली गेली. नाशिकच्याच एका शाळकरी मुलाने बनवलेली. तिच्यावर पाय पडला की दाबाने नोंद होते आणि किती माणसं गेली ते लगेच कळतं. कॅमेरा नाही, चेहरा नाही, नाव नाही, नुसतं पाऊल. मला हे साधन फार पसंत आहे, कारण त्याला हवं तेवढंच कळतं.

तरी ती चटई रायगडावर कुठे अंथराल? चित दरवाजाच्या पायऱ्यांवर अंथरलीत तर हिरकणीवाडीहून रोपवेने वर गेलेले सुटतात. १९९६ पासून तो चालू आहे, आणि त्यातून जाणारे वयस्कर, मुलंबाळंवाले जास्त. नेमके चेंगराचेंगरीत पहिल्यांदा पडतील ते. मोबाईलचे सिग्नल मोजलेत तर ज्या पोराच्या खिशात दोन फोन आहेत तो दोनदा येतो, आणि पायऱ्यांवर ताक आणि लिंबू सरबत विकणारी मावशी फोन घरी ठेवून आली असेल तर एकदाही येत नाही. ती पहाटे भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चढली, आणि दुपारी रिकामा घेऊन उतरेल, तेव्हा चटईच्या हिशेबात ती दोन पर्यटक झालेली असेल. गडावर राहणारी धनगर कुटुंबं तर ना चढतात ना उतरतात. ती आधीपासून वरच आहेत.

गर्दी कुठे तुंबते हे या मावशीला विचारा. कुठल्या वळणावर लोक फोटोला थांबतात, कुठल्या पायरीवर पाय घसरतो, कुठे सकाळी सावली असते आणि दुपारी नसते, हे तिला रोजचं आहे, कारण तिचं ताक तिथेच खपतं. खाटकाचीच जात ही : खपावरून माणूस ओळखणारी. तिच्या उत्तराने तुमची चटई योग्य पायरीवर पडेल.

येत्या जूनमध्ये तुमच्या सेमिनारची मुलं पाचाडला येणार असतील तर एक जण चित दरवाजाशी, एक जण हिरकणीवाडीच्या रोपवेशी आणि एक जण पायऱ्यांवरच्या विक्रेत्यांजवळ बसवा. ज्यांना मोजणार आहात त्यांना आधी सांगा, कशासाठी मोजतोय ते. ‘इतर’ आणि ‘निष्क्रिय’ हे रकाने संध्याकाळी पुन्हा वाचा, आणि त्यातल्या निदान दोघातिघांना जाऊन भेटा. आणि तक्ता तयार झाला की त्याची एक प्रत पाचाडच्या ग्रामपंचायतीत नेऊन द्या. सहा तारखेच्या गर्दीचा भार पहिल्यांदा त्यांच्याच विहिरींवर आणि रस्त्यावर येतो.